माणूस मोजता येतो का?

इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत ‘समाज’ हा विषय आपल्या वाट्याला येतो तो एखाद्या पेपरापुरता. आदल्या रात्री झेरॉक्स आणायची, पॉइंट पाठ करायचे आणि पेपर टाकून आलं की विसरून जायचं. मेसच्या टेबलावर कधी त्यावर चर्चा झालीच, तर दोन मतं हमखास ऐकू येतात. पहिलं : ‘हे काय सायन्स आहे का? नुसत्या गप्पा!’ दुसरं जरा उत्साही : ‘द्या की आमच्या हातात. डेटा गोळा करू, मॉडेल बसवू, प्रश्न सोडवून टाकू.’ वरवर पाहता ही मतं एकमेकांच्या विरुद्ध आहेत, पण दोन्हींच्या मुळाशी समजूत एकच. शास्त्र म्हणजे आपण लॅबमध्ये करतो ते. ते माणसांना एक तर जसंच्या तसं लागू पडतं, नाही तर अजिबात पडत नाही.

ही समजूत तपासून पाहावी म्हणून हा लेख. तपासायला नुसते तत्त्वज्ञान नको, एक खरं प्रकरण हवं. ते आपल्याच देशात घडलेलं आहे आणि त्यात आपल्या महाराष्ट्रातल्या तीन मोठ्या माणसांचा हात आहे.

प्रश्न जुनाच आहे

‘सोशिऑलॉजी’ हा शब्द रूढ केला तो ऑग्युस्त कोंत या फ्रेंच विचारवंताने. हा गृहस्थ शिकायला होता पॅरिसच्या इकोल पॉलिटेक्निकमध्ये, म्हणजे त्या काळच्या अव्वल इंजिनिअरिंग कॉलेजात, आणि १८१६ मध्ये तिथून बाहेर पडला तो पदवी न घेताच! खगोलशास्त्र, भौतिकशास्त्र, रसायन, जीवशास्त्र अशी एकामागून एक शास्त्रं उभी राहिली, आता शेवटचा मजला समाजाच्या शास्त्राचा, असं त्याचं म्हणणं. त्याच सुमारास, १८३५ मध्ये, बेल्जियमच्या केटले या खगोलशास्त्रज्ञाने माणसांच्या उंचीपासून गुन्ह्यांच्या संख्येपर्यंत सगळ्याची आकडेवारी मांडून ‘सरासरी माणूस’ ही कल्पना पुढे आणली. जिममध्ये आपण जो बीएमआय काढतो, तो मुळात याच केटलेचा निर्देशांक.

पुढे जर्मनीत उलटा सूर निघाला. डिल्थाय म्हणाला, निसर्गाचं आपण स्पष्टीकरण देतो, माणसाला मात्र समजून घ्यावं लागतं. मॅक्स वेबरने दोन्ही टोकं जोडायचा प्रयत्न केला. माणसाच्या कृतीचा त्याच्या लेखी असलेला अर्थ आधी समजून घ्या, मग कारण-परिणाम शोधा, असा त्याचा मार्ग. दगड वरून पडतो तेव्हा ‘का पडलास?’ असं त्याला विचारायची सोय नाही आणि गरजही नाही. माणूस उपास करतो तेव्हा ते एकादशीमुळे, उपोषणामुळे, की घरात दाणा नाही म्हणून, हे वजनकाट्यावर कळत नाही. तिघांच्याही पोटात गेलेल्या कॅलरी सारख्याच.

इथपर्यंत दोन्ही बाजू पटतात. आता प्रकरणाकडे वळू.

नाकाचं गुणोत्तर

हर्बर्ट रिसले हा ब्रिटिश सनदी अधिकारी. १८८५ पासून त्याने बंगाल प्रांतात जातींचा आणि जमातींचा मोठा सर्व्हे हाती घेतला. त्याचे ग्रंथ १८९१ मध्ये छापून आले. जातीबद्दल तोवर जे लिहिलं जाई ते ऐकीव, पोथीतलं, प्रवाशांनी सांगितलेलं. रिसलेला ते नको होतं. त्याला हवं होतं मोजमाप. फ्रान्समधल्या मानवमितीच्या पद्धती त्याने घेतल्या, मोजणारी माणसं तयार केली आणि हजारो लोकांची डोकी, चेहरे नि नाकं कॅलिपरने मोजून घेतली.

त्याचा सगळ्यात आवडता आकडा म्हणजे नाकाचं गुणोत्तर. नाकाची रुंदी भागिले उंची, गुणिले शंभर. रुंदी ३५ मिलिमीटर आणि उंची ५० असेल तर गुणोत्तर ७०. आकडा लहान तर नाक सरळ-अरुंद, आकडा मोठा तर रुंद. प्रत्येक जातीची सरासरी काढून त्याने त्या ओळीने मांडल्या आणि निष्कर्ष काढला : जातीचा सामाजिक दर्जा जितका वरचा, तितकं तिचं सरासरी नाक अरुंद. म्हणजे जातीची उतरंड ही मुळात वंशाची उतरंड. वर बाहेरून आलेले आर्य, खाली इथले मूळचे.

आपल्या नजरेने पाहा. उपकरण आहे, युनिट आहे, सॅम्पल मोठं आहे, सूत्र आहे, कोष्टक आहे. लॅब जर्नलवर सही मिळायला अजून काय लागतं? म्हणूनच हे प्रकरण आपल्या कामाचं आहे. रिसले थापा मारत नव्हता. ‘शास्त्रीय’ दिसायला जे जे लागतं ते सगळं त्याच्याकडे होतं.

तेच आकडे, वेगळं उत्तर

गोविंद सदाशिव घुर्ये मूळचे मालवणचे. केंब्रिजहून डॉक्टरेट घेऊन आले आणि १९२४ पासून मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग त्यांनी सांभाळला. १९३२ मध्ये ‘कास्ट अँड रेस इन इंडिया’ हे त्यांचं पुस्तक आलं. त्यात त्यांनी रिसलेच्या पद्धतीची टिंगल केली नाही. प्रांतवार उपलब्ध असलेली मोजमापं समोर घेतली आणि एक साधा प्रश्न विचारला. हा नियम सगळीकडे टिकतो का?

संयुक्त प्रांतात, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशात, उतरंड बऱ्यापैकी जुळत होती. इतर प्रांतांत आलं की गाडी रुळावरून घसरत होती. आपल्या मुंबई इलाख्याचंच घ्या. देशस्थ ब्राह्मण हे शरीराच्या मोजमापांत चित्पावनांना जितके जवळ, तितकेच सोनकोळ्यांनाही जवळ निघाले. त्यांच्या पाठोपाठ महार आणि कुणबी. शेणवी, नागर ब्राह्मण आणि वरच्या दर्जाचे मराठे त्यांच्याही नंतर. समाजाने लावलेली ओळ आणि कॅलिपरने लावलेली ओळ यांचा मेळच बसेना. नियम एका प्रांतात खरा आणि बाकी ठिकाणी खोटा असेल, तर तो निसर्गाचा नियम कसला? घुर्ये स्वतः वंशाची भाषा पूर्णपणे सोडून देत नाहीत, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण ‘नाक बघा आणि जात ओळखा’ या दाव्याला त्यांनी आकड्यांनीच भोक पाडलं.

१९४८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात हीच मोजमापं वापरली. अस्पृश्यता वंशभेदातून आली, हे मत त्यांना तपासायचं होतं. त्यांच्या युक्तिवादाची रचना बघण्यासारखी आहे. त्यांनी सुरुवातच ‘जर’ने केली. वंश ठरवायला मानवमिती हे भरवशाचं शास्त्र असेल, तर तिचे आकडे पाहा; आणि ते आकडे सांगतात की ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशांचे नाहीत. म्हणजे आकडे मानले तरी वंशाचा सिद्धांत पडतो आणि आकडे मानले नाहीत तर त्याला मुळात आधारच उरत नाही. व्हायव्हाला बाहेरून आलेल्या परीक्षकाने दोन्ही बाजूंनी पकडावं तसं हे.

कोलकात्यात तिकडे प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३३ मध्ये रिसलेच्या छापील आकड्यांची फेरतपासणी प्रसिद्ध केली. मशीन लर्निंग करणाऱ्यांनी ‘महालनोबिस डिस्टन्स’ वापरलं असेल. ते सूत्र जन्माला आलं ते याच गोंधळातून. दोन माणसांचे गट एकमेकांपासून किती लांब आहेत हे एकट्या नाकावरून ठरवायचं, की अनेक मापं एकत्र धरून आणि त्या मापांचे आपापसातले संबंधही लक्षात घेऊन? नुसत्या सरासरीचा फरक बघून चालत नाही, प्रत्येक गटाच्या आत किती पसारा आहे तेही पाहावं लागतं. दोन जातींच्या सरासरीत दोनाचा फरक असेल आणि एकेका जातीतच माणसामाणसांत वीसचा फरक असेल, तर त्या दोनाला कितीसा अर्थ?

आणि तिसरं मराठी नाव इरावती कर्वे यांचं. ‘युगान्त’मुळे त्या आपल्याला माहीत असतात, पण त्यांचं शिक्षण मानववंशशास्त्रातलं. घुर्यांकडे एम. ए. करून त्या बर्लिनला गेल्या आणि ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेटचं काम केलं. फिशर यांचा तर्क असा की माणसाच्या कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंत जी असमानता असते, ती वंशाप्रमाणे बदलते आणि युरोपियनांत ती जास्त असते. बाईंनी १४९ कवट्या मोजल्या. वंशाचा आणि असमानतेचा संबंध दिसला नाही. परक्या देशात, आपल्याच गाईडच्या तर्काविरुद्ध, त्यांनी तसं लिहून दिलं. १९३० मध्ये त्यांना पदवी मिळाली. हीच फिशर यांची संस्था पुढे नाझींच्या वंशशुद्धीच्या धोरणाला शास्त्राचा शिक्का पुरवणारी ठरली, हे लक्षात घेतलं म्हणजे त्या लिहून देण्याची किंमत कळते. गाईडला हवा तसा ग्राफ यावा म्हणून एक-दोन रीडिंग ‘ॲडजस्ट’ करण्याचा मोह काय असतो, हे आपल्याला वेगळं सांगायला नको!

आता इथे थांबून विचार करा. रिसलेची चूक काय होती? माणसांना मोजलं ही? मग घुर्ये, आंबेडकर, महालनोबिस, कर्वे या सगळ्यांनी काय केलं? त्यांनीही मापंच वापरली. फरक असा, की रिसलेने उपकरण उचललं पण शास्त्राची सवय अर्धीच उचलली. समाजाने आधीच ठरवलेली उतरंड त्याने गृहीत धरली आणि मोजमापात तिचाच पुरावा शोधला. आपला दावा कुठे मोडेल हे त्याने शोधलं नाही. ते काम दुसऱ्यांना करावं लागलं. नैसर्गिक विज्ञानाची पद्धत म्हणजे कॅलिपर नव्हे. आपलंच म्हणणं खोटं ठरेल अशी जागा मुद्दाम शोधणं, ही ती पद्धत. ती समाजाच्या अभ्यासालाही तितकीच लागते, किंबहुना जास्तच, कारण इथे चुकीच्या निष्कर्षाखाली माणसं चिरडली जातात.

पण माणूस वाचतो

म्हणजे मग एवढंच पुरे का? पद्धत नीट पाळा, झालं? नाही. गोष्टीचा दुसरा अर्धा भाग राहिलाच.

१९०१ च्या जनगणनेचा प्रमुख होता हाच रिसले. त्याने ठरवलं की जातींची यादी अकारविल्हे न देता लोकमान्य सामाजिक दर्जाप्रमाणे, वरपासून खालपर्यंत लावायची. त्याच्या हिशेबाने तो जे आहे ते फक्त नोंदवत होता, जसं आपण थर्मामीटर वाचतो. झालं काय? यादी लागणार म्हटल्यावर ठिकठिकाणी जातींच्या सभा भरू लागल्या. आम्ही अमुक नाही, आम्ही क्षत्रिय, आमची नोंद वर करा, असे अर्ज सुरू झाले. दहा वर्षांनी, १९११ च्या जनगणनेत, एकट्या बंगालमधल्या अशा अर्जांचं वजन दीड मण भरलं! जी उतरंड नुसती मोजायची होती, ती मोजण्यामुळेच हलली. काही जातींची नावं बदलली, काही संघटना मोजणीमुळेच उभ्या राहिल्या.

कोणी म्हणेल, यात नवीन काय? इलेक्ट्रॉनसुद्धा मोजायला गेलं की बिघडतो. पण ही तुलना फसवी आहे. इलेक्ट्रॉनवर परिणाम होतो तो मोजमापाच्या भौतिक क्रियेचा. आपल्याबद्दल जर्नलमध्ये काय छापून आलं, हे तो वाचत नाही आणि त्याप्रमाणे वागणं बदलत नाही. माणूस वाचतो. त्याला लाज वाटते, अभिमान वाटतो, फायदा दिसतो, भीती वाटते.

लांब कशाला जाता, आपली हजेरी बघा. पंच्याहत्तर टक्क्यांचा नियम कशासाठी? हजेरी हे शिकण्याचं माप धरलं म्हणून. ज्या दिवशी त्या मापावर टर्म ग्रँट होणं ठरायला लागलं, त्या दिवशी प्रॉक्सीचा शोध लागला. आता रजिस्टरमधला आकडा वर्गात कोण होतं हे जेमतेम सांगतो, कोण शिकलं हे तर मुळीच नाही. स्टीलच्या रॉडला टेन्साइल टेस्टमध्ये पास व्हायची इच्छा नसते. विद्यार्थ्याला असते. त्यामुळे रॉड प्रॉक्सी लावत नाही.

म्हणून समाजाचं माप घेताना दोन प्रश्न जास्तीचे विचारावे लागतात. या आकड्याशी कोणाचा काय फायदा-तोटा जोडला आहे? आणि मोजल्यानंतर माणसं काय करतील? येणाऱ्या जनगणनेत जातींची मोजणी करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०२५ मध्ये जाहीर केला. तिच्या बाजूचे असोत की विरोधातले, दोघांनीही १९०१ आणि १९११ ची गोष्ट उशाशी ठेवावी अशी आहे. मोजू नये असा तिचा अर्थ नाही. विषमता आहे हे मोजल्याशिवाय सिद्धच कसं करणार? पण रकाने कोणी पाडले आणि त्यात कोण कसं उत्तर देईल, हा मोजणीचाच भाग आहे. त्याला ‘एरर’ म्हणून झटकता येत नाही.

उदयपूरची डाळ

कोणी म्हणेल, तुम्ही शंभर वर्षांपूर्वीच्या गोष्टी सांगताय, आता पद्धती सुधारल्या. खरंच सुधारल्या आहेत. मुंबईत जन्मलेले अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते गरिबीच्या प्रश्नांवर प्रत्यक्ष प्रयोग केल्याबद्दल. नवीन औषधाची चाचणी जशी करतात तशीच ही पद्धत. चिठ्ठ्या टाकल्यासारखी गावं वाटून घ्यायची, काहींत उपाय करायचा, काहींत नाही, आणि शेवटी तुलना.

त्यातला एक प्रयोग राजस्थानात उदयपूर जिल्ह्यातल्या १३४ गावांत झाला आणि त्याचा निकाल २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. प्रश्न होता लहान मुलांच्या लसीकरणाचा. काही गावांत दर महिन्याला न चुकता भरणारं लसीकरणाचं शिबिर ठेवलं. काही गावांत शिबिर, आणि प्रत्येक लसीला एक किलो डाळ, शिवाय सगळ्या लसी पुऱ्या झाल्या की ताटांचा संच. उरलेल्या गावांत नेहमीचंच चालू. पूर्ण लसीकरण झालेल्या मुलांचं प्रमाण नेहमीच्या गावांत ६ टक्के, नुसत्या शिबिरांच्या गावांत १८ टक्के आणि डाळीच्या गावांत ३९ टक्के निघालं. आणखी गंमत म्हणजे, डाळ देऊनसुद्धा दर मुलामागचा खर्च जवळपास निम्म्यावर आला. नर्सचा दिवसाचा खर्च तेवढाच, पण तेवढ्या दिवसात मुलं जास्त आली.

हे नैसर्गिक विज्ञानाच्या पद्धतीचं यशच आहे, ते नाकारायचं कारण नाही. ‘गरिबांना लसीचं महत्त्वच कळत नाही’ किंवा ‘फुकट काही दिलं की लोक बिघडतात’, अशा बैठकीतल्या वादांपेक्षा हे तीन आकडे कितीतरी मोलाचे. पण त्याच आकड्यांकडे पुन्हा बघा. डाळ का चालली? बुडालेल्या रोजाची थोडी भरपाई झाली म्हणून? ‘जायचंय, जाऊ पुढच्या महिन्यात’ असं म्हणणाऱ्या आईला आजच जायला निमित्त मिळालं म्हणून? की सासूला सांगायला एक कारण झालं म्हणून? ६, १८ आणि ३९ हे आकडे स्वतःहून ते सांगत नाहीत. आणि डाळीच्या गावांतही १०० पैकी ६१ मुलं राहिलीच, ती का? त्यासाठी कोणाच्या तरी अंगणात बसून बोलावंच लागतं. नाशिकच्या पाड्यावर किंवा धारावीत हीच डाळ एवढंच काम करेल का, हेही पुन्हा तपासावं लागतं. पाणी उदयपूरलाही शंभर अंशांच्या आसपास उकळतं आणि धारावीतही. माणसांचा उत्कलनबिंदू गावागणिक बदलू शकतो.

एका धरणाचे दोन अभ्यास

आता शेवटचं उदाहरण, आणि ते थेट आपल्या धंद्याचं. कोयना धरण. १९६२ पासून जलाशय भरू लागला आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला मोठा भूकंप झाला. त्यानंतर कोयनेचं खोरं जगभरच्या भूकंपशास्त्रज्ञांचं तीर्थक्षेत्र झालं. जलाशयाची पातळी आणि धक्क्यांची संख्या यांचा संबंध वर्षानुवर्षं नोंदला गेला. पावसाळ्यानंतर तळं भरलं की आणि नंतर पातळी उतरू लागली की धक्के वाढतात, असं चित्र दिसलं. २०१७ मध्ये तर तीन किलोमीटर खोल भोक पाडून खालचा खडक तपासला गेला. हा नैसर्गिक विज्ञानाचा प्रश्न, आणि त्याला साजेशी पद्धत. खडकाला अहवालाची भीती वाटत नाही.

त्याच धरणाचा दुसरा अभ्यास १९६९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला. तो होता धरणामुळे उठलेल्या माणसांचा. करणाऱ्या होत्या इरावती कर्वे आणि जाई निंबकर. कवट्या मोजून सुरुवात केलेली बाई आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात विस्थापितांच्या दारात उभी होती, यात मला त्यांच्या साऱ्या अभ्यासाचं सार दिसतं. मोजणं त्यांनी सोडलं नव्हतं. मधल्या काळात सांख्यिकी जाणणारे वि. म. दांडेकर यांच्याबरोबर महाराष्ट्रातल्या लोकांच्या मोजमापांवर त्यांनी ग्रंथ लिहिला होता. पण काय मोजायचं आणि कशासाठी, याचं भान वाढत गेलं होतं.

भूसंपादनाच्या कोष्टकात काय बसतं? सातबारा, क्षेत्रफळ, घराचं मोजमाप, झाडं, रुपये. हे सगळं मोजलंच पाहिजे, आणि काटेकोर. पण एका खोऱ्यातली गावं उठून वेगवेगळ्या जिल्ह्यांत विखुरली गेली, तेव्हा भावकी तुटली. लेक पलीकडच्या गावात दिलेली, ती चार तासांवरून दोन दिवसांवर गेली. ज्याच्या नावावर जमीन नव्हती पण गावकीवर ज्याचं पोट होतं, त्याच्यासाठी कोष्टकात रकानाच नव्हता. रकाना नाही म्हणजे आकडा शून्य, आणि आकडा शून्य म्हणजे नुकसान शून्य! रिसलेने नको ते मोजून ज्या जागी माणूस हरवला, त्याच जागी इथे हवं ते न मोजल्यामुळे तो हरवतो. महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला तो १९७६ मध्ये, म्हणजे कोयनेची गावं उठल्यानंतर बऱ्याच वर्षांनी. आणि या शतकातही कोयनेचे धरणग्रस्त पुनर्वसनाच्या मागण्या घेऊन आंदोलनाला बसलेले महाराष्ट्राने पाहिले आहेत. काँक्रीटचा हिशेब बरोबर आला होता, हे त्यांना सांगून काय उपयोग?

मग उत्तर काय?

नैसर्गिक विज्ञानाच्या पद्धती समाजाच्या अभ्यासाला चालतात का? माझं उत्तर असं. त्यातली शिस्त पूर्णपणे चालते आणि ती आणलीच पाहिजे : दावा स्पष्ट मांडा, तो कुठे मोडेल ते शोधा, तुलनेसाठी दुसरा गट ठेवा, आकडे दुसऱ्याला तपासायला द्या, गाईडला आवडणार नाही तेही लिहा. त्यातली उपकरणं मात्र प्रत्येक वेळी पारखून घ्यावी लागतात. आणि एक गोष्ट तर लॅबमध्ये कधीच लागत नाही, ती इथे शिकावी लागते : ज्याचा अभ्यास करतोय त्याला विचारणं आणि त्याचं ऐकून आपले रकाने बदलणं.

हे नुसतं पुस्तकी राहू नये म्हणून फायनल इयर प्रोजेक्टसाठी किंवा एनएसएसच्या कॅम्पमध्ये सर्व्हे करणाऱ्यांसाठी चार गोष्टी :

एक, फॉर्म छापण्याआधी गावातल्या पाच-सहा वेगवेगळ्या घरी नुसते बसा. बायका, म्हातारी माणसं, भूमिहीन मजूर धरून. मग प्रश्न ठरवा.

दोन, आपल्याला कोणतं उत्तर आलेलं आवडेल ते आधीच कागदावर लिहून ठेवा, आणि ते खोटं ठरवणारा निदान एक प्रश्न फॉर्ममध्ये घाला.

तीन, उत्तर देणाऱ्याला तुम्ही कोण वाटता याचा विचार करा. गळ्यात आयकार्ड, हातात फॉर्म म्हणजे अनेक ठिकाणी ‘सरकारी माणूस’. मग उत्पन्न कमी सांगितलं जातं आणि संडास आहे असं सांगितलं जातं.

चार, ‘इतर’ या रकान्यात जे येतं ते वाचा. बहुतेक वेळा खरा शोध तिथेच असतो.

आणि सुट्टीच्या आधी करून पाहायला एक छोटं प्रॅक्टिकल. आपल्या मेसमध्ये रोज ताटात टाकलेलं अन्न एक आठवडा गाजावाजा न करता वजन करा. दुसऱ्या आठवड्यात रोजचा आकडा फळ्यावर लिहा. तिसऱ्या आठवड्यात फळा पुसा आणि वीस जणांना शांतपणे विचारा, का टाकता? सोबत मेसच्या मावशींनाही विचारा, त्यांना रोज ताटं घासताना काय दिसतं ते. पहिल्या आठवड्याच्या आकड्यात रिसलेचा कॅलिपर आहे. दुसऱ्यात १९०१ ची जनगणना आहे. तिसऱ्यात काय सापडतं ते या अंकाच्या संपादकांना लिहून कळवा. आकडे पाठवाच, पण मावशी काय म्हणाल्या तेही पाठवा.